माईची वही आणि पालिकेचं मत

लोकसभा लागली की आमच्या वाड्यात चर्चा व्हायच्या, विधानसभा लागली की वाद व्हायचे, पण तयारी व्हायची ती पालिकेच्या निवडणुकीची. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, मंडईपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या त्या वाड्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेली आम्ही भावंडं आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. चुलत, आत्ये आणि भाडेकरूंची मुलं, सगळी त्यात आली. चौकात खेळताना कोण मालकाचं आणि कोण भाडेकरूचं हे कुणी बघत नसे. एखाद्या मुंजीला, लग्नाला एकत्र जमलो की जेवणं उरकल्यावर बोलणं फिरत फिरत तिथेच येतं. माईची वही, अण्णांचं यादीवाचन, काकूंचं दुसऱ्यानेच टाकलेलं मत. आमच्या मुलांना वाटतं, मतदान म्हणजे सुट्टीच्या दिवशी जाऊन बटण दाबून यायचं. आम्हाला ते तसं कुणी शिकवलंच नाही.

माई म्हणजे आमची आजी. तिचा हिशोब सरळ होता. दिल्लीत कोण बसलं यावर आपला नळ ठरत नाही, मुंबईत कोण बसलं यावरही फारसा नाही. तो ठरतो पालिकेत. चौकातल्या सामाईक नळावर अकरा बिऱ्हाडं भरत. पाणी पहाटे यायचं, आणि ज्या दिवशी उशिरा यायचं त्या दिवशी वाड्यातल्या बायकांची सगळीच कामं मागे पडायची. त्यामुळे राजकारण हा पुरुषांचा विषय असं आमच्याकडे कधी मानलं गेलं नाही. निदान पालिकेचं तरी नाही.

अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला होता. वाड्यापर्यंत पाणी आलं नाही, पण पानशेतपाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचे जुने हौद आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी तेव्हा पुन्हा कामी आल्या. त्या दिवसांबद्दल सांगताना अण्णा धरणाबद्दल कमी बोलायचे आणि माणसांबद्दल जास्त. टँकर कोणत्या बोळात आला, कोण स्वतः उभं राहून बादल्यांची रांग लावत होतं, कोण आठवडाभर दिसलंच नाही. पुढच्या निवडणुकीत घरातली मतं त्या आठवणीवर पडली, हे ते अभिमानाने सांगत.

अण्णांनी जे डोक्यात ठेवलं, ते माईने कागदावर आणलं. लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या उधारीसाठी वापरतात तसली लांबट वही, आणि तिला सुतळीने बांधलेली पेन्सिल. फडताळाच्या आतल्या बाजूला खिळ्याला ती टांगलेली असे. पुढून दुधाचा हिशोब, मागून पालिकेचा. मागच्या पानांवरच्या नोंदी अशा: 'मंगळवार. पाणी सव्वापाचला आले, पावणेसहाला गेले.' 'बोळातला दिवा बंद. अर्ज दिला.' मग बऱ्याच खाली, दुसऱ्या महिन्याच्या तारखेसमोर, 'दिवा लागला.' अर्ज दिला की पोच घ्यायचीच, हा घरातला कडक नियम. पोच न घेता परत आलेल्या मुलाला माई उंबऱ्यावरूनच माघारी पाठवायची. पोचेचा क्रमांक वहीत उतरायचा आणि कागद डब्यात जायचा. कचरापेटी ओसंडली, ड्रेनेज तुंबलं, डासांची फवारणी करायला आलेला माणूस फवारणी न करताच सही घेऊन गेला, सगळं त्या वहीत होतं. चांगलंही होतं. धाकट्या आत्याच्या बाळंतपणात पालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी रात्रभर जागून काळजी घेतली, ती नोंद माईने पेन्सिल सोडून शाईने केली होती.

निवडणूक जाहीर झाली की वही खाली यायची. रात्री जेवणं आटोपल्यावर माई मागची पानं वाचायची आणि बाकीचे ऐकायचे. निवडणुकीच्या तोंडावर बोळात डांबर पडायचं, बंद दिवे लागायचे, गटारांवर नवी झाकणं यायची. पहिल्या रात्री कुणीतरी हमखास म्हणायचं, "काही म्हणा, माणूस काम करतो हं." त्यावर माई काही बोलायची नाही, फक्त दोन वर्षांपूर्वीचं पान उघडून वाचायची. मला आजही वाटतं की मतदाराची खरी तयारी हीच: शेवटच्या दोन महिन्यांतलं डांबर आणि आधीची सगळी वर्षं शेजारी शेजारी मांडून बघणं. स्मरणशक्तीवर हे जमत नाही. लिहूनच ठेवावं लागतं.

अण्णांचं काम वेगळं. ते कारकुनी पेशातले, कायद्याचं पुस्तक उघडायला न बिचकणारे. महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणून ठेवला होता. त्यातलं कलम ६३ म्हणजे पालिकेने करायलाच हवीत अशी कामं आणि कलम ६६ म्हणजे करता आली तर करायची कामं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. पाणी, सांडपाणी, झाडलोट, दिवे, रस्ते, प्राथमिक शाळा, जन्ममृत्यूची नोंद ही पहिल्यातली. उमेदवाराचं पत्रक हातात आलं की अण्णा पेन्सिलीने त्यातल्या एकेका आश्वासनावर खूण करायचे. हे पालिकेचं, हे राज्य सरकारचं, हे रेल्वेचं, हे कुणाचंच नाही. जो उमेदवार महागाई खाली आणायचं वचन द्यायचा त्याच्या पत्रकावर खुणाच खुणा असायच्या. पुढे आमच्यातल्या कितीतरी जणांनी नोकऱ्यांत टेंडरं तपासली, करार वाचले. ती सवय त्या पत्रकांवर लागली.

मंडईत भाजीला नेताना ते आम्हाला जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगायचे. १८७६ साली फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्या फुल्यांचं पडलं. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. अण्णा हे सांगताना मंडईच्या इमारतीकडे बोट करायचे आणि विचारायचे, आपल्या पेठेच्या उमेदवारांत असा एकटा हात वर करणारा कोण आहे, सांगा. आम्ही लहान मुलं, आम्हाला काय कळणार? पण उत्तराची वाट बघत ते खरोखरच थांबायचे.

मग यादीवाचन. प्रारूप मतदारयादी लागली की अण्णा वही-पेन्सिल घेऊन जायचे आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाची नावं, वय, घरक्रमांक उतरवून आणायचे. संध्याकाळी चौकात वाचन. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच पत्त्यावर, सासरी गेलेल्या मुलीचं नाव इथंच, वरच्या मजल्यावरच्या गुरुजींचं वय साठाऐवजी सहा, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेल्या वाड्यातल्याच एका आजोबांचं नाव ठळकपणे हजर. गेलेल्या माणसाचं नाव काढायचा अर्ज माई सगळ्यांत आधी भरायला लावायची. "त्यांच्या नावावर उद्या कुणीतरी मत टाकेल, आणि ते त्यांना आवडणार नाही," असं ती म्हणायची, जसं काही ते आजोबा आतल्या खोलीत बसलेत. हरकती-सूचनांची मुदत दहा-पंधरा दिवसांपलीकडे नसायची. त्या मुदतीत घर कामाला लागलेलं असायचं. मुदत टळल्यावर यादीला नावं ठेवणाऱ्यांबद्दल अण्णांना मुळीच सहानुभूती नव्हती, आणि मलाही नाही.

१९८५ ची निवडणूक आम्हा सगळ्यांना जशीच्या तशी आठवते. भिंती निळीने आणि गेरूने रंगलेल्या, रिक्षांवर कर्णे, आणि आम्ही पोरं सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच शर्टावर लावून हिंडत होतो. तेव्हाच्या सभासदांची पदयात्रा वाड्यात आली. ओवाळणं झालं, पाया पडणं झालं. माईने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, बसायला चटई टाकली आणि वही उघडली.

"दादा, बसा जरा. हा अर्ज श्रावणात दिला होता. हा दिवाळीत. हा पुन्हा संक्रांतीला. पोच आहे तिन्हींची. पहिल्याचं काय झालं?"

सोबतचे कार्यकर्ते चुळबुळू लागले. पुढच्या वाड्यात माणसं थांबलीत, असं कुणीतरी म्हणालं. पण ते गृहस्थ बसून राहिले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली, आणि तिसऱ्या अर्जापाशी प्रांजळपणे म्हणाले, "आजी, हा माझ्यापर्यंत आलाच नाही." माईने विचारलं, "तुमच्यापर्यंत येण्यासाठी कुणाकडे द्यायचा, तेवढं लिहून द्या." त्यांनी वहीतच लिहून दिलं, खाली सही केली. घरातली निम्मी मतं त्या सहीमुळे त्यांना गेली आणि निम्मी त्या तीन अर्जांमुळे गेली नाहीत. एका घरातली सगळी मतं एकीकडेच पडली पाहिजेत, असा आग्रह आमच्याकडे कुणीच धरत नसे. कुणी कुणाला काय केलंस ते विचारायचं नाही, हा वहीइतकाच जुना नियम.

तेव्हा मतपत्रिका कागदाची. शिक्का मारल्यावर घडी कशी घालायची याची तालीम आदल्या रात्री व्हायची. चुकीची घडी पडली तर ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटते आणि मत बाद होण्याची भीती. अण्णा जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून त्यावर चिन्हं काढायचे, चपटी बाटली असो वा सायकल, आणि प्रत्येकाला बुचाने शिक्का मारायला लावायचे. आधी उभी घडी, मग आडवी. शिक्का एकाच चौकटीत, रेषेला न शिवता. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची तालीम सगळ्यांत जास्त वेळ चालायची, आणि घडी सगळ्यांत सुबक त्यांचीच पडायची. ज्यांना मत नव्हतं अशी आम्ही मुलंसुद्धा या तालमीत असायचो. आमच्या बोटांना शाई लावायचं काम आत्या बाटलीच्या बुचाने करायची.

त्याच वर्षी काकू दुपारी मत द्यायला गेल्या. सकाळी पाहुणे आले होते, स्वयंपाक होता, म्हणून उशीर झाला. केंद्रावर सांगितलं, तुमचं मत झालंय. कुणीतरी त्यांच्या नावावर टाकून गेलं होतं. काकू घरी आल्या त्या रडतच. अण्णांनी चपला घातल्या आणि त्यांना परत घेऊन गेले. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल तर खऱ्या मतदाराला प्रदत्त मत मागता येतं, ओळख पटली की वेगळी मतपत्रिका मिळते, हे तिथल्या केंद्राध्यक्षांना त्यांनी शांतपणे सांगितलं. काकूंना नवऱ्याचं नाव, घरक्रमांक, शेजारी कोण असं सगळं विचारलं गेलं. मतपत्रिका मिळाली. पण ती पेटीत पडत नाही. तिचा लिफाफा वेगळा राहतो आणि कोर्टात प्रकरण गेलं तरच तो उघडायची वेळ येते. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी देऊनही मोजलं नाहीच." तेव्हापासून आमच्या घरात मतदान सुरू होताच, रांगेत पहिल्या दहांत. पाहुणे असले तर त्यांनाही बरोबर घेऊन जायचं आणि बाहेर कट्ट्यावर बसवायचं.

थोरल्या ताईला १९८५ ला मत नव्हतं, कारण तेव्हा वयाची अट एकवीस होती आणि ती वीस वर्षांची. तिला अजून ते लागून आहे. १९८९ मध्ये अट अठरावर आली आणि १९९२ ची पालिका निवडणूक आमच्यातल्या धाकट्यांची पहिली ठरली, ताईची जरा उशिराची. त्या निवडणुकीचं आणखी एक महत्त्व होतं. महाराष्ट्रात महिलांना तीस टक्के जागा राखून ठेवायचा कायदा झाला होता, आणि पेठापेठांत पहिल्यांदाच बायका उमेदवार म्हणून दारात येऊ लागल्या. बऱ्याच ठिकाणी बोलायचे त्यांचे यजमान किंवा दीर. माई तेव्हा थकली होती, पण खाटेवरून तिने एका उमेदवारीण बाईंच्या यजमानांना थांबवलं. "तुम्ही पाणी घ्या. त्यांना बोलू द्या. मत त्यांना द्यायचंय." त्या बाई आधी गप्प राहिल्या, मग नळाच्या वेळेबद्दल बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या, कारण त्याही तेच पाणी भरत होत्या. पुढे हे प्रमाण एक तृतीयांश झालं, २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. सगळीकडे बायकाच कारभार करतात असं म्हणता येणार नाही, तरी पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली माणसं सभागृहात जाऊन बसली. मला ही आमच्या हयातीतली मोठी गोष्ट वाटते.

१९९२ च्याच सुमारास अण्णांनी आम्हाला महापालिकेच्या मुख्य सभेच्या प्रेक्षक कक्षात नेलं होतं. पालिका एके काळी विश्रामबागवाड्यात भरायची, ही त्यांची लाडकी माहिती त्यांनी शिवाजीनगरच्या इमारतीच्या पायऱ्या चढताना पुन्हा सांगितली. सभेत आमचा सभासद एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या प्रभागाचे एक गृहस्थ मात्र एका ओळीच्या खर्चावर बराच वेळ अडून बसले. अण्णा घरी येऊन म्हणाले, असा माणूस आपल्याकडे उभा राहिला तर पक्ष बघू नका.

सभागृहातल्या एका ठरावाने काय होतं, याचं उदाहरण पुण्यात घरोघरी आहे. मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत चाळीस टक्के सवलत, ही पालिकेने १९७० मध्ये दिलेली. जवळजवळ पन्नास वर्षं ती बिलात गपचूप चालू होती, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हती. मधे ती बंद झाली, बिलं फुगली, आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाली तेव्हा पीटी-३ अर्ज भरण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. आमच्यातल्या कुणाकुणाला त्या रांगेत कळलं की ज्याला आपण 'पालिकेचं किरकोळ' म्हणतो ते आपल्या खिशात किती खोलवर असतं.

वाडा पडला. तिथे इमारत झाली. आम्ही कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, उंड्रीला, पुण्याबाहेरही पांगलो. माई गेली, तिचं नाव यादीतून काढायचा अर्ज ताईने तेराव्याच्या आत भरला. आणि मतदानाची पद्धत बदलत गेली. २००२ ला तीन सभासदांचा प्रभाग, २००७ ला पुन्हा एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. प्रत्येक वेळी हद्दी नव्या, आरक्षण नवं. या बदलत्या प्रभागांबद्दल माझं मत कडू आहे आणि ते लपवावंसं वाटत नाही. एका नळासाठी एक माणूस जबाबदार असेल तर माईची वही चालते. चार माणसं जबाबदार असली की अर्ज चौघांत फिरतो. कापडी पिशव्या आणि बाकडी वाटताना चारही नावं असतात, तुंबलेल्या ड्रेनेजपाशी एकही नसतं.

पण पद्धत आहे ती आहे, आणि तिची तालीम घ्यायला हवी. २०१७ ला काकू पंचाहत्तरीला आलेल्या. चार मतं कशी द्यायची याची त्यांना धास्ती. यंत्रावर अ, ब, क, ड अशा चार जागा. अ चा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा फिका पिवळा, ड चा फिका निळा. प्रत्येक रंगात एकच बटण दाबायचं, प्रत्येक रंगात शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' आहेच, आणि चारही मतं झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. ताईच्या मुलीने पतंगाचे आणि घोटीव कागद कापून जेवणाच्या टेबलावर चार पट्ट्या चिकटवल्या. काकू बोटाने दाबायच्या, एखादा रंग सुटला तर नात गप्प बसायची, चारही झाले की तोंडाने बीप वाजवायची. काकूंनी आम्हाला पण बसवलं. आमच्यातल्या निवृत्त इंजिनिअर दादाने पहिल्याच फेरीत पिवळा सोडला. २१ फेब्रुवारीला केंद्रावर काकूंचं मत अर्ध्या मिनिटात झालं.

त्या वेळी केंद्राबाहेर उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा लावलेला होता. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३ च्या निकालांनंतर ही माहिती मतदाराच्या हक्काची झाली. अण्णांच्या वेळी ती कट्ट्यावरच्या कुजबुजीत मिळायची. पण मतदानाच्या सकाळी रांगेत उभं राहून सोळा-वीस उमेदवारांची शपथपत्रं वाचून होत नाहीत. ती आठवडाभर आधी घरी बसून वाचायची, चारही जागांची, आणि आपण काय ठरवलं ते रंगाप्रमाणे चिठ्ठीवर लिहून पाठ करायचं.

मग तो मोठा खंड आला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुण्यात प्रशासक आले. आरक्षणाचे आणि प्रभागांचे वाद कोर्टात चालले, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पण त्या होईपर्यंत शहराला निवडून आलेलं कुणीच नव्हतं. त्याआधी, २०२१ च्या जूनमध्ये तेवीस गावं पालिकेत आली होती. आमचा एक आत्येभाऊ त्यातल्याच एका गावच्या सोसायटीत राहतो. ग्रामपंचायत गेली, नगरसेवक मिळाला नाही, आणि पाणी टँकरचं. इतकी वर्षं तो विचारत होता, अर्ज द्यायचा तर कुणाच्या नावाने? माईची वही त्याने पुन्हा सुरू केली होती, मोबाइलमध्ये, टँकरच्या बिलांसकट. बिलांचा आकडा बघून आम्ही सगळेच गप्प झालो होतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रारूप याद्या आल्या तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा यादीवाचन झालं. दुबार नावांपुढे दोन चांदण्या होत्या; त्यात धाकट्या भावाचं नाव निघालं, कारण पेठेतलं जुनं नाव त्याने काढलंच नव्हतं. ताईचं नाव रस्त्यापलीकडच्या प्रभागात गेलेलं, त्यावर तिने मुदतीत हरकत घेतली. पुतणीची मात्र निराशा झाली. तिने सप्टेंबरमध्ये नाव नोंदवलं होतं, पण पालिकेसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरलेली. त्यानंतर आलेल्या नावांना या वेळी मत नाही. पालिकेची वेगळी यादी नसते, ती विधानसभेचीच प्रभागांप्रमाणे फोडलेली असते, आणि प्रारूप यादीवरच्या हरकतीने नवं नाव घालता येत नाही, हे आमच्या घरात आता पोराटोरांना माहीत आहे. निवडणुकीची कुणकुण लागायच्या आधीच नाव यादीत पाहिजे.

मतदान १५ जानेवारी २०२६ ला आलं, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. किंक्रांतीला नवं काम काढू नये म्हणतात. काकूंना आता चालवत नाही, पण त्या म्हणाल्या, मत देणं हे नवं काम कुठंय, ते तर नेहमीचंच. साडेसातला केंद्र उघडलं तेव्हा त्या व्हीलचेअरवर पहिल्या होत्या, हातात ओळखपत्र आणि रंगांच्या क्रमाने लिहिलेली चिठ्ठी पाठ केलेली. उंड्री, कोथरूड, सिंहगड रस्ता, जिथे जिथे आमची घरं आहेत तिथून साडेआठपर्यंत सगळ्यांचे निरोप आले. आत्येभावाचा निरोप सगळ्यांत आधी आला होता.

आता आमच्या प्रत्येक घराला चार नगरसेवक आहेत. निकाल लागल्यावर आम्ही प्रत्येक प्रभागातून चौघांनाही एकच पत्र पाठवलं: पाणी, कचरा, ड्रेनेज आणि रस्ता यांपैकी कोणत्या कामासाठी तुमच्यापैकी कुणाकडे यायचं, ते आपसांत ठरवून लेखी कळवा. पत्राचा मसुदा पुतणीने केला. आत्येभावाच्या प्रभागातून दोघांची उत्तरं आली, पाणी आणि कचरा. बाकीच्या दोघांना स्मरणपत्र गेलं आहे, आणि त्याची पोच घेतली आहे.